पायी? काऊन?

नागपूरच्या माणसाला चालायला आवडत नाही, हे विधान मी नागपूरकर या नात्यानं पूर्ण जबाबदारीनं करतो. तो पहाटे अंबाझरीला फिरायला जातो, पण अंबाझरीपर्यंत स्कूटरनं जातो. तलावाच्या काठानं फेरी झाली की तर्री-पोह्याचा ठेला समोरच दिसत असतो. तिथवर पुन्हा स्कूटर. यात आळस नाही, इतिहास आहे. शहराच्या मध्यभागी झीरो माइलचा स्तंभ आहे. इंग्रजांनी त्यावर हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल असे आकडे कोरून ठेवले. बाकीच्या जगानं जिथून अंतर मोजायचं तिथंच जो जन्मला, त्यानं उठून जावं कुठे? स्तंभाशेजारी चार घोडे उभे केले आहेत. पायी जाणारा माणूस काही कोणाला सुचला नाही.

शिवाय हवामान. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा नागपूरकर कांद्याचा तुकडा खिशात ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि आल्यावर त्याचं वर्णन तीन दिवस करतो. आणि आता तर आमच्या अभिमानाची वस्तू म्हणजे समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. त्यावर पायी चालणाऱ्याला मनाई, सायकलला मनाई, दुचाकीलाही मनाई. आमच्या अभिमानाच्या रस्त्यावर पाय ठेवायचाच नाही असा नियम आहे, आणि तो पाळायला नागपूरकराला मुळीच जड जात नाही.

गंमत अशी की याच विदर्भानं चालणारी माणसं दिली ती साधीसुधी नव्हेत. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी 1594 पासून पंढरपूरला पायी जाते असं सांगतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालत पंढरपूर गाठते. आणि विनोबा! 1951 साली हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा पवनारहून निघाले ते आगगाडीनं नाही, पायी. संमेलनानंतर परतीच्या वाटेत तेलंगणात भूदान सुरू झालं आणि चालणं काही थांबेना. पावसाळ्यात पवनारला जरा विसावले, पुन्हा निघाले, आणि त्यानंतर पवनारला परत यायला 1964 उजाडलं. झीरो माइलवरचा हैदराबादचा आकडा आमच्यासाठी सामान्यज्ञान आहे. विनोबांनी तो टाचांनी तपासून पाहिला.

पण या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे त्यांच्याकडे कारण होतं. विनाकारण चालणं विदर्भात बसत नाही. हे मला माझ्या एका मित्रामुळे कळलं.

मित्र बँकेतून निवृत्त झालेला. मुलगी स्पेनला असते, तिच्याकडे जाऊन आला आणि तिकडची कामिनो नावाची पायवाट डोक्यात घेऊन आला. फ्रान्सच्या सीमेपासून सांतियागोपर्यंत जवळजवळ 800 किलोमीटर, या खेड्यातून त्या खेड्यात. लोक बॅगेला एक शिंपला बांधतात आणि महिनाभर चालतात. शिंपला दिसला की गावकरी समजतात. वाटेत वहीवर शिक्के मारून घेतात. मित्राचा सगळा जन्म शिक्के मारण्यात गेलेला, त्यामुळे त्याला ही वाट फारच जवळची वाटली असावी. ‘आपल्याकडे असं का नाही?’ हा अनिवासी प्रश्न त्यानं निवासी असूनही विचारला आणि उत्तरही स्वतःच काढलं : नागपूर, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा, सावनेर. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. संत्र्याच्या बागा, पांदणी, नदी, देवळं. जानेवारीत निघायचं, पहिला मुक्काम कळमेश्वर.

कळमेश्वरलाच का, तर ती त्याची सासुरवाडी.

त्याची तयारी पाहण्यासारखी होती. गुडघ्यापाशी चेन लावलेली पँट, जिचे पाय उन्हात काढून ठेवता येतात. दाबली की खाली-वर होणारी काठी. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, कारण दिवसाला 10,000 पावलं चाललंच पाहिजे अशी त्याची श्रद्धा. (हा आकडा कुठल्या वैद्यानं सांगितलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं’ असं होतं. पण बँकेच्या माणसाला गोल आकडा आवडतो.) आणि पाठीवर पाण्याची पिशवी असलेली बॅग, तिच्यातून एक पारदर्शक नळी खांद्यावरून तोंडापर्यंत आलेली. या नळीनं पुढे बरंच काही घडवलं.

काटोल नाक्यापासून आम्ही दोघं निघालो. गोरेवाड्याचं जंगल उजव्या-डाव्या हाताला ठेवून फेटरीपर्यंत आलो असू नसू, तेवढ्यात पहिली मोटारसायकल थांबली.

“काऊन भाऊ, पेट्रोल संपलं का?”

“नाही, नाही. पायीच चाललो.”

“गाडी कुठी हाय?”

“गाडी आणलीच नाही.”

त्यानं आम्हां दोघांकडे, मग त्या नळीकडे पाहिलं. “बसा नं जी. दोघंही बसा. सोडून देतो कळमेश्वरले.”

आम्ही नको म्हणालो, तर त्याचा चेहरा पडला. आपल्या गाडीत काही कमी आहे का, हे त्यानं वळून पाहिलं. मग पहिल्या गिअरमध्ये तो आमच्या बरोबरीनं चालू लागला. माणसं पायी जात असताना आपण पुढे निघून जायचं कसं, हा त्याचा सरळ प्रश्न होता. अर्धा किलोमीटर त्यानं आमच्यासाठी पेट्रोल जाळलं आणि शेवटी हळूच विचारलं, “घरी भांडण-गिंडण झालं का?”

इकडच्या माणसाची माणुसकी एंजिनावर चालते. कळमेश्वर येईपर्यंत आमच्यासाठी मोटारसायकली थांबल्या, एक मालवाहू टेम्पो थांबला, कापसाची बोंदरी लादलेला ट्रॅक्टर थांबला, आणि शाळेतून घरी जाणाऱ्या एका पोरानं सायकलवर डबलसीट घ्यायची तयारी दाखवली. प्रत्येकाला नाही म्हणताना आम्ही अधिकाधिक वाईट माणसं होत गेलो. लिफ्ट मिळत नाही म्हणून रडणारे लोक मी जगात पाहिलेत. लिफ्ट नाकारून थकलेला मात्र आमच्याशिवाय दुसरा कोणी पाहिला नाही. चालण्याचा शीण पायात येतो, हा शीण मानेत येतो.

डांबरी रस्ता सोडला की हे थांबेल, असं वाटून आम्ही पांदणीनं शिरलो. पांदण म्हणजे दोन्हीकडच्या वावरांच्या मधून गेलेली बैलगाडीची वाट. नकाशावर ती रुंद आणि मोकळी असते. प्रत्यक्षात एका बाजूनं बाभूळ आणि दुसऱ्या बाजूनं पऱ्हाटी आत आलेली असते आणि मधून शेळीला जाता येईल एवढी जागा उरते. विनोबांनी जमीन मागून घेतली. पांदणीची जमीन कोणी मागत नाही. दरवर्षी नांगराचं एक तास जास्त मारलं की ती आपोआप दान होते. याच्यावर कायदा आहे, तोही जुना : मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करायचा, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आता वर्षाला एक तास या वेगानं जी वाट अडत जाते, ती नेमकी अडली कधी हे सहा महिन्यांत कोणाच्या लक्षात यावं? शेवटी बैलगाडी अडकते तेव्हा लक्षात येतं, आणि तोवर आजोबांचा गुन्हा नातवाच्या पिकात दिसत असतो. सरकारनं 2021 मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना आणली. जिथं ती पोचली तिथं खरंच मुरूम पडला आहे. आम्ही गेलो तिथं ती अजून पायी येत असावी.

काटे काढत एका धुऱ्यावर बसलो होतो, तेव्हा एक म्हातारे शेतकरी आले. मागच्या बागेत मृग बहाराची संत्री रंग धरत होती. त्यांनी आधी संत्री पुढे केली, मग प्रश्न.

“मोजणीवाले का जी?”

“नाही, आम्ही असेच.”

“असेच म्हणजे कसे?” त्यांनी काठीकडे बोट दाखवलं. दाबली की खाली-वर होणारी काठी हे सरकारी मोजमापाचं हत्यार आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. “हायवे चालला का इकून? खरं सांगा. एकरी काय भाव देऊन राह्यले?”

आम्ही शपथेवर सांगितलं की हायवे नाही, लाइन नाही, टॉवर नाही. ते हसले. सरकारी माणूस खरं सांगत नसतो हे त्यांना ठाऊक होतं. निघताना त्यांनी मित्राला बाजूला घेऊन आपल्या वावराचा कोपरा दाखवला आणि म्हणाले, “लाइन काढसान तं इकून काढा. तिकून नका काढू, थे वावर भावाचं हाय.” वर पाच-सहा संत्री बॅगेत कोंबली. लाच म्हणून मिळालेली ती संत्री आम्ही सरकारच्या वतीनं खाल्ली. फार गोड होती.

पुढच्या वस्तीवर नळीचा खुलासा झाला. हापशीवर पाणी भरणाऱ्या बायांनी मित्राला पाहिलं आणि हातातले गुंड खाली ठेवले. एकीनं दुसरीला सांगितलेलं मी स्पष्ट ऐकलं : “माय वं, सलाईन लावून चालून राह्यला बिचारा.” लगेच बाज आली, पाणी आलं, चहा आला. कोणता आजार, कोणता डॉक्टर, नवस कोणाचा? मित्र सांगू लागला की हे फक्त पिण्याचं पाणी आहे, तशी ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “त्याईले सांगतलं नसन तुम्ही काय झालं थे.” मी मान खाली घातली. चहात आलं उत्तम होतं आणि मला दुसरा कप हवा होता.

कळमेश्वरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि सासुरवाडीची अख्खी आळी ओट्यांवर बसलेली होती. ‘गाडी कुठी लावली?’ हा प्रश्न चार ओट्यांवरून आला. जावई नागपूरहून पायी आला, हे ऐकल्यावर आधी शांतता पसरली आणि मग सासूबाई लगबगीनं त्याला आत घेऊन गेल्या, फारसं कोणाला दिसू नये अशा बेतानं. सासरे ऐंशीच्या घरातले. जेवणं झाल्यावर त्यांनी मला अंगणात बोलावलं. बराच वेळ सुपारी कातरली.

“जावईबापूचं पेन्शन भेटून राह्यलं नं?”

“भेटते जी.”

“कर्जगिर्ज?”

“नाही.”

“मंग पोरीचं काही? स्पेनमधून पैसे मागून राह्यली का?”

मी त्यांना कामिनोबद्दल सांगितलं. शिंपला, शिक्के, 800 किलोमीटर. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिकडे यष्टी नाही का?” दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यानं जीप दारात लावली. ती विनंती नव्हती. घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. धापेवाडा, आदासा आणि सावनेर आम्ही जीपच्या काचेतून पाहिलं आणि संध्याकाळी नागपूरला, आपापल्या दारासमोर, उतरलो. मित्राच्या घड्याळानं त्या दिवशी 412 पावलं दाखवली.

आता याच रस्त्याची दुसरी बाजू सांगतो. त्याच वर्षी आषाढात आम्ही पुन्हा निघालो, या वेळी धापेवाड्याच्या यात्रेला, एका दिंडीबरोबर.

धापेवाड्याला विदर्भाची पंढरी म्हणतात. गावाच्या अंगानं वाहणाऱ्या नदीचं नावही चंद्रभागाच. इथल्या संत कोलबास्वामींची भक्ती अशी की आषाढी पौर्णिमेला खुद्द विठ्ठल पंढरपूरहून इथं येतो, ही इकडची श्रद्धा. तारखा पाहिल्या तर देवाचं नियोजन चोख दिसतं. एकादशीला पंढरपुरात श्वास घ्यायला जागा नसते. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, पालख्या परतीला लागतात आणि देव मोकळा होतो. मोकळा झाला की तो तडक विदर्भात येतो. यात मला नवल वाटत नाही. रुक्मिणी कौंडण्यपूरची, म्हणजे विठ्ठल आमचा जावई. लग्नात तो मुलगी रथात घालून घेऊन गेला. ना मांडव, ना मानपान, ना पंगत. मेहुण्याशी मारामारी तेवढी झाली. विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब दांडेकर समितीनं 1984 मध्ये मांडला खरा, पण पहिला अनुशेष या लग्नाचा होता, आणि तो भरून काढायला जावई दरवर्षी स्वतः येतो. बाकीच्या अनुशेषाबद्दल असं कोणी येताना दिसत नाही.

दिंडीत सामानसुमान काही नव्हतं. बाया डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन चालत होत्या, पायात स्लीपर, कित्येकींच्या पायात तेही नाही. मित्रानं या वेळीही भारी बूट घातले होते, पण आषाढातल्या काळ्या मातीला किंमत कळत नाही. पहिल्या शंभर पावलांत बुटाला एक थर चढला, पुढच्या शंभरात दुसरा. थोड्या वेळानं तो माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला आणि त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर कोणाचं तरी अर्धा गुंठा वावर पुढे सरकू लागलं. अनवाणी चालणाऱ्या एका आजीबाईनं त्याला थांबवलं, काडीनं बूट खरवडून दिले आणि सांगितलं, “काढून टाका नं बाप्पा, पायाले थोडीच चिकटते.” चिकटते, पण बोटांच्या मधून निघूनही जाते. पुढचा रस्ता त्यानं बूट गळ्यात अडकवून काढला.

आणि रस्ता? तोच रस्ता, तीच माणसं. एकही मोटारसायकल लिफ्ट द्यायला थांबली नाही. थांबायची ती पाया पडायला. जानेवारीत ज्यानं आम्हाला भांडणाबद्दल विचारलं होतं, तसाच दिसणारा एक जण (तोच असावा, पण मी खात्री करून घेतली नाही) केळ्यांची पाटी घेऊन उभा होता. जागोजागी चहा, मसालेभात, आलूबोंडे, साबुदाण्याच्या उसळीची पातेली. ‘पायी काऊन?’ हे कोणी विचारलं नाही. मित्राच्या गळ्यातल्या टाळानं सगळी उत्तरं आधीच दिलेली होती. कामिनोवर शिंपला करतो तेच काम.

कळमेश्वरला सासुरवाडीसमोरून दिंडी गेली. आळी पुन्हा ओट्यांवर होती. सासूबाई पुढे आल्या, हातात तांब्या आणि पाट. ज्या पायांमुळे जानेवारीत घराण्याची मान खाली गेली होती, तेच दोन चिखलाचे पाय त्यांनी पाटावर घेतले, धुतले, कुंकू लावलं आणि त्यावर डोकं ठेवलं. शेजारणी म्हणाल्या, “भाग्याचा जावई हाय वं.” सासऱ्यांनी नमस्कार केला, पण माझ्याकडे पाहून भुवई उडवली. त्यांचा पेन्शनबद्दलचा संशय अजून पुरता गेलेला नव्हता.

धापेवाड्याच्या गर्दीचं वर्णन मी करत नाही. ज्यानं यात्रा पाहिली त्याला ते नको असतं आणि ज्यानं पाहिली नाही त्याला खोटं वाटतं. आदाशाला टेकडीवर एकाच दगडातला उभा गणपती आहे, माणसाच्या दुप्पट उंचीचा, विदर्भाच्या अष्टविनायकांतला. वामनानं इथं त्याची उपासना केली अशी कथा आहे. पुढे याच वामनानं तीन पावलांत सगळं विश्व मोजलं. मित्रानं घड्याळ पाहिलं. आमची तेव्हा साठ हजारांच्या वर झाली होती आणि सावनेर अजून दिसत नव्हतं.

सावनेरबद्दल मात्र दोन शब्द सांगायलाच हवेत. राम गणेश गडकरी इथं गेले, 23 जानेवारी 1919 रोजी, वयाच्या 33 व्या वर्षी. ‘भावबंधन’ त्यांनी त्या शेवटच्या आजारपणात पूर्ण केलं. ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं. ज्यानं बाळकरामाच्या नावानं मराठी माणसाला त्याचे स्वतःचे सगळे चाळे दाखवले, त्याच्या अखेरच्या गावी आपण विनोदी लेखाचा मसुदा खिशात घेऊन जावं हा आगाऊपणाच. मी तो मसुदा गावात असेपर्यंत बाहेर काढला नाही.

तुम्हाला ही वाट चालायची असेल तर जरूर चाला. आषाढी पौर्णिमा धरा, म्हणजे खाण्यापिण्याची काळजी नाही. इतर दिवशी निघालात तर संत्र्याच्या हंगामात निघा आणि काठी साधी, लाकडी घ्या; दाबली की खाली-वर होणारी नको. पाणी बाटलीतूनच प्या. गळ्यात टाळ असू द्या, वाजवता आला नाही तरी चालतो. कोणी विचारलंच तर ‘धापेवाडा’ एवढंच सांगा, ‘असेच’ म्हणू नका. सासुरवाडी वाटेत येत असेल तर फोन करून ठेवा. परतीला सावनेरहून नागपूरची एसटी मिळते.